पहिले अठ्ठावीस दिवस

मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या न्यूरोसर्जरीच्या ओपीडीत लहान मुलांचा वार असला की बाकांवर तान्ही बाळं घेतलेल्या आया दाटीवाटीने बसलेल्या असतात. कुणाची टाळू फुगून ताठ झालेली असते. कुणाचं डोकं महिन्याभरात इतकं वाढलेलं असतं की टोपडं बसेनासं होतं. कुणाची बुबुळं खाली झुकलेली असतात आणि वरचा पांढरा भाग तेवढा दिसतो. एखाद्या बाळाच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, पातळ पापुद्र्याची ओलसर गाठ असते. ती दबू नये म्हणून आई त्याला पालथं धरून अवघडून बसलेली असते. केसपेपरवर आजाराची लांबलचक नावं लिहिलेली असतात. घरची माणसं एवढंच सांगतात : मेंदूत पाणी झालंय, पाठीवर गाठ आहे.

या बाकांवर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘डॉक्टर, बाळ बरं होईल ना? चालेल ना?’ दुसरा बहुतेकदा नंतर येतो, दबक्या आवाजात आणि पुष्कळदा सासूच्या देखत विचारता न येणारा : ‘पुढच्या खेपेला पुन्हा असंच होईल का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना बालन्यूरोसर्जरीची शाखा उभी राहिली. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा शोध मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांपासून सुरू झाला आणि १९९१ साली ते उत्तर पक्कं झालं. आज आपण पहिल्या उत्तरावर खूप खर्च करतो. दुसरं उत्तर जवळजवळ फुकट आहे, तरीही ज्या घरात ते पोचायला हवं तिथे ते वेळेवर पोचत नाही. या लेखाचं सगळं सांगणं या तफावतीबद्दल आहे.

कणा घडतो तेव्हा

गर्भ तीन आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक चपटी पट्टी असते. मेंदू, मज्जारज्जू, पुढे आयुष्यभर चालणारा सगळा विचार आणि सगळी हालचाल या पट्टीतून घडायची असते. पट्टीच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि करंजीची कड दाबून मिटवावी तशा मानेपासून दोन्ही दिशांनी मिटत जातात. डोक्याकडचं टोक आधी बंद होतं, शेपटाकडचं सर्वांत शेवटी. गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत हे काम संपतं. तेव्हा आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं ठाऊकही नसतं.

डोक्याकडचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी घडतच नाही. ते बाळ जगत नाही. खालचं टोक उघडं राहिलं तर मणक्यांची कमान मिटत नाही आणि मज्जारज्जू पाठीवर उघडा पडतो. यालाच स्पायना बिफिडा म्हणतात. त्याच्या सर्वांत गंभीर प्रकारात, मायलोमेनिंगोसीलमध्ये, मेंदूभोवतीचं पाणी आणि मज्जातंतू त्या पातळ पिशवीत उतरलेले असतात. गाठीच्या खालच्या नसा दुबळ्या होतात. म्हणजे पाय, पायांची संवेदना, लघवी आणि शौचावरचा ताबा. शिवाय मेंदूचा मागचा भाग खाली मानेकडे ओढला जातो, पाण्याची वाट अडते आणि डोक्यात पाणी साठू लागतं. पाठीवरची गाठ आणि फुगलेली टाळू हे दोन वेगळे आजार वाटतात, पण या बाळांमध्ये दोन्हींचं मूळ त्या एकाच न मिटलेल्या जागेत असतं.

भारतात असे दोष किती? पुण्यात प्रा. अनिता कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०१३ साली एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात हजार जन्मांमागे सुमारे चार असं प्रमाण निघालं. फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व धान्यात मिसळणाऱ्या देशांच्या तुलनेत हा आकडा कितीतरी मोठा आहे.

पाठ शिवायची की नाही?

जन्मानंतर ही गाठ बंद करायची ती शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत. उशीर झाला की पापुद्रा फाटतो, जंतू आत शिरतात आणि मेंदूज्वर होतो. शस्त्रक्रियेत बाळाला पालथं ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतूंची उघडी पट्टी कातडीपासून सोडवतात, तिला पुन्हा नळीसारखा आकार देतात, तिच्यावरचं आवरण शिवतात, मग स्नायू आणि शेवटी कातडी. ज्या नसा गेल्या त्या यातून परत येत नाहीत. ज्या उरल्या आहेत त्या वाचतात.

मुळात ही शस्त्रक्रिया करायची का, यावरच एकेकाळी मोठा वाद होता. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे डॉ. जॉन लॉर्बर यांनी १९७१ साली आपल्या रुग्णालयातल्या शेकडो मुलांचा लेखाजोखा मांडला. पायांचं पांगळेपण, डोक्याचा वाढलेला आकार, मणक्याचा बाक अशी लक्षणं जन्मतःच गंभीर असतील तर शस्त्रक्रिया करू नये, असं त्यांनी सुचवलं. अनेक ठिकाणी हे मत मान्य झालं आणि कितीतरी बाळं उपचाराविना राहिली. पुढे शिकागोतल्या डॉ. डेव्हिड मॅकलोन यांच्यासारख्यांनी निवड न करता सगळ्यांवर लवकर उपचार केले. त्यातली पुष्कळ मुलं जगली, शाळेत गेली आणि वाद मावळला. कुठल्या बाळाचं आयुष्य जगण्यालायक, हे पहिल्या दिवशी पाय किती हलतात यावरून ठरवता येत नाही, हा त्यातून मिळालेला धडा आजही ताजा आहे.

दुसरा मोठा बदल शस्त्रक्रियागृहाबाहेर घडला. या मुलांचा जीव पूर्वी मेंदूपेक्षा मूत्रपिंडामुळे जाई. लघवी तुंबून मागे चढे, जंतुसंसर्ग होई आणि मूत्रपिंडं निकामी होत. मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली दाखवलं की दर काही तासांनी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामं केलं तर हे टळतं. त्यासाठी निर्जंतुक खोली लागत नाही, हात धुतलेले असले की पुरतं. आज महाराष्ट्रातही कितीतरी आया हे काम रोज घरी करतात आणि मूल सात-आठ वर्षांचं झालं की ते स्वतः शिकतं. या साध्या प्लास्टिकच्या नळीने जितकी मूत्रपिंडं वाचवली, तितकी क्वचितच एखाद्या मोठ्या यंत्राने वाचवली असतील.

एका बापाने बनवलेली झडप

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये पाणी सतत तयार होतं आणि सतत शोषलं जातं. मोठ्या माणसात दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी तयार होतं, पण एका वेळी आत असतं ते साधारण दीडशे मिलिलिटर. वाट अडली की पोकळ्या फुगतात. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे मोकळे असतात, म्हणून डोकं वाढत जातं आणि मेंदू भिंतीशी दाबला जातो. हे पाणी नळीने दुसरीकडे न्यायचं, हे शल्यचिकित्सकांना फार पूर्वी सुचलं होतं. अडत होतं ते झडपेपाशी. दाब वाढला की उघडेल, पाणी फक्त खालीच जाऊ देईल आणि बाळाच्या शरीरात वर्षानुवर्षं टिकेल अशी झडप कुणालाच बनवता येत नव्हती.

१९५५ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या जॉन हॉल्टर यांना मुलगा झाला, केसी. त्याला मायलोमेनिंगोसील होतं आणि डोक्यात पाणी होतं. हॉल्टर कुलपं बनवणाऱ्या कंपनीत तंत्रज्ञ होते. फिलाडेल्फियाचे न्यूरोसर्जन डॉ. युजीन स्पिट्झ यांच्याकडून त्यांना अडचण कळली आणि ते कामाला लागले. रबरी नळीत सुई टोचून औषध देतात, पण सुई काढल्यावर ते भोक आपोआप मिटतं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यातून चिरेच्या झडपेची कल्पना आली. शरीर नाकारणार नाही आणि उकळून निर्जंतुक करता येईल अशा सिलिकोनची निवडही त्यांनीच केली. १९५६ च्या मार्चमध्ये ही झडप पहिल्यांदा एका बाळाला बसवली गेली. केसीला ती बसली तेव्हा त्याच्या मेंदूचं बरंच नुकसान आधीच झालं होतं आणि तो फार वर्षं जगला नाही. स्पिट्झ-हॉल्टर झडपेने मात्र पुढे जगभरातली असंख्य मुलं वाचवली.

पुढची झडपही एका बापाच्या हट्टातून आली. लेखक रोआल्ड डाल यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या बाबागाडीला १९६० साली न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीने धडक दिली. त्याच्या डोक्यात पाणी साठू लागलं आणि बसवलेला शंट, म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी आणि झडप, पुन्हा पुन्हा बंद पडू लागला. डाल यांनी हायड्रॉलिक अभियंता स्टॅन्ली वेड आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले न्यूरोसर्जन केनेथ टिल यांना एकत्र आणलं. १९६२ मध्ये वेड-डाल-टिल झडप तयार झाली. तोवर त्यांच्या मुलाला तिची गरज उरली नव्हती, पण तिघांनीही तिच्यातून नफा न घेण्याचं ठरवलं.

परदेशी झडप आपल्याकडच्या पालकांना परवडणारी नव्हती. म्हणून दिल्लीच्या एम्समधले बालशल्यचिकित्सक डॉ. पी. उपाध्याय यांनी देशी शंट तयार केला, तर उत्तर प्रदेशात डॉ. डी. के. छाब्रा यांनी बनवलेला छाब्रा शंट देशभर पसरला. २००५ साली युगांडात १९५ मुलांच्या अभ्यासात छाब्रा शंटची तुलना कितीतरी पट महाग अमेरिकी शंटशी झाली. वर्षभरानंतरच्या निकालांत दोन्हींमध्ये फरक आढळला नाही. भारतातला स्वस्त शंट तितकाच चांगला आहे, हे आफ्रिकेतल्या बाळांनी जगाला दाखवून दिलं.

शंटच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. नळी मेंदूतून कातडीखालून मानेवरून छातीवर आणि पुढे पोटात सोडतात. ‘डॉक्टर, ही कधी काढायची?’ असं आई विचारते आणि ‘ताई, ही काढायची नसते’ हे उत्तर ऐकून तिचा चेहरा पडतो. नळी बंद पडू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो, मूल वाढलं की ती तोकडी पडू शकते. १९९८ साली ३४४ मुलांवर तीन वेगवेगळ्या झडपांची तुलना झाली. कुठल्याही झडपेने बाजी मारली नाही आणि वर्षभर बिनबोभाट चाललेले शंट जेमतेम साठ-एकसष्ट टक्के निघाले. म्हणून शंट असलेल्या मुलाच्या घरात सगळ्यांना काही खुणा पाठ असाव्या लागतात : सकाळची डोकेदुखी, वारंवार उलटी, न उतरणारी सुस्ती, फुगलेली टाळू, खाली झुकलेली नजर. यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात जायचं.

नळीविना वाट

रुग्णालय शंभर-दोनशे किलोमीटरवर असेल आणि रस्ता चिखलाचा असेल तर शंट बंद पडणं म्हणजे मृत्यू. अमेरिकी न्यूरोसर्जन डॉ. बेंजामिन वॉर्फ २००० नंतर युगांडातल्या म्बाले गावी नव्या बालरुग्णालयात काम करू लागले, तेव्हा हीच अडचण त्यांच्यासमोर रोज उभी राही. त्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला नवं वळण दिलं. कवटीतल्या छोट्या छिद्रातून दुर्बीण आत नेतात, मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडून अडलेलं पाणी बाहेर वाट करून देतात आणि जिथे पाणी तयार होतं त्या जाळीचा काही भाग जाळून टाकतात. मग शरीरात कायमची नळी ठेवावी लागत नाही. १९२३ साली अमेरिकेत डॉ. मिक्स्टर यांनी पहिल्यांदा करून पाहिलेली भोक पाडण्याची ही कल्पना म्बालेत गरजेपोटी परिपक्व झाली. २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये टोरोंटोचे डॉ. अभय कुलकर्णी, वॉर्फ आणि सहकाऱ्यांनी युगांडातल्या शंभर बाळांवरची चाचणी प्रसिद्ध केली. नळी आणि दुर्बीण या दोन मार्गांत वर्षभरानंतर बाळांच्या बौद्धिक वाढीत लक्षणीय फरक नव्हता. ज्याला शंटची देखभाल करता येत नाही त्या कुटुंबासाठी दुर्बिणीचा मार्ग खुला झाला.

म्बालेत आणखी एक गोष्ट उघड झाली. तिथल्या निम्म्याहून अधिक बाळांच्या डोक्यात पाणी साठण्यामागे जन्मजात दोष नव्हता, तर जन्मानंतर लवकरच झालेला जंतुसंसर्ग होता. तो कुठला, हे कळत नव्हतं. डॉ. स्टीव्हन शिफ यांच्या चमूने बाळांच्या मेंदूतल्या पाण्यातल्या जनुकीय अंशांचा माग काढत २०२० मध्ये पेनिबॅसिलस नावाच्या जिवाणूपर्यंत मजल मारली. इथे संशोधनाचं खरं काम दिसतं. शस्त्रक्रियेने एक मूल वाचतं, पण जंतू सापडला तर पुढची हजारो बाळं ऑपरेशन टेबलापर्यंत पोचणारच नाहीत. भारतात क्षयाच्या मेंदूज्वरानेही मुलांच्या डोक्यात पाणी होतं, हे लक्षात ठेवलं तर क्षय वेळेत ओळखणं हीसुद्धा बालन्यूरोसर्जरीच ठरते.

मुंबईत बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. चंद्रशेखर देवपुजारी, केईएमचे डॉ. दत्तात्रय मुझुमदार यांसारख्या शल्यचिकित्सकांनी मुलांसाठीच्या दुर्बीण शस्त्रक्रियेला आणि शिक्षणाला मोठा हातभार लावला. २०११ साली आंतरराष्ट्रीय बालन्यूरोसर्जरी संघटनेचं वार्षिक अधिवेशन गोव्यात भरलं. हाताचं कौशल्य आपल्याकडे आहे, हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही.

गर्भातच दुरुस्ती

मज्जारज्जूचं सगळं नुकसान चौथ्या आठवड्यात होत नाही. उघडी पट्टी पुढचे महिनोन्‌महिने गर्भजलात भिजत राहते आणि आणखी झिजते. मग जन्माची वाट का पाहायची? या प्रश्नातून गर्भातल्या शस्त्रक्रियेची सुरुवात झाली. फिलाडेल्फिया, व्हँडरबिल्ट आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन केंद्रांतल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सव्विसाव्या आठवड्याच्या आत गर्भातच पाठ शिवलेल्या बाळांपैकी सुमारे ४० टक्क्यांना वर्षभरात शंट लागला. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होतं. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुलं पहिल्या गटात ४२ टक्के होती, दुसऱ्यात २१. किंमतही मोठी होती. बाळं वेळेआधी जन्मली आणि आयांच्या गर्भाशयाला पुढच्या बाळंतपणातही जपावं लागेल अशी जखम राहिली. आता कॅलिफोर्नियात डॉ. डायना फार्मर यांचा चमू अशा शस्त्रक्रियेत वारेपासून मिळवलेल्या मूळ पेशींचं ठिगळ लावून पाहतो आहे. २०२१ पासून ही चाचणी सुरू आहे.

हे सगळं थक्क करणारं आहे. पण ज्या जिल्ह्यात पाचव्या महिन्याची सोनोग्राफीच वेळेवर होत नाही, त्या जिल्ह्यातल्या बाईला याचा काय उपयोग? तिच्यासाठी उत्तर दुसरीकडे आहे.

गिरणीतल्या बाया आणि यीस्टचा अर्क

इंग्रज डॉक्टर लुसी विल्स १९२८ साली मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास त्यांना करायचा होता. कापड गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरीब बायांमध्ये तो फार होता. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना विल्स यांनी त्यांच्या जेवणाचा बारकाईने अभ्यास केला : भाज्या कमी, फळं जवळजवळ नाहीत, मांस-दूध तर दूरच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी मार्माइट या स्वस्त यीस्ट अर्काचा वापर करून पाहिला आणि तो लागू पडला. मग तोच त्यांनी आजारी बायांना दिला आणि त्याही बऱ्या झाल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला अनोळखी पदार्थ पुढे विल्स घटक म्हणून ओळखला गेला.

१९४१ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी टनावारी पालकातून फॉलिक ॲसिड वेगळं केलं; विल्स घटक तो हाच. १९४५ च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार झालं अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत. तिथे संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आता गोळी तयार होती, पण ती मज्जारज्जूशी जोडायला आणखी काही दशकं लागली.

लिव्हरपूलचे डॉ. रिचर्ड स्मिथेल्स आणि हिबार्ड यांनी १९६५ मध्ये लिहिलं की दोष असलेल्या बाळांच्या आयांमध्ये फोलेटच्या, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या नैसर्गिक रूपाच्या, चयापचयात बिघाड दिसतो. स्मिथेल्स यांनी १९८० साली गर्भधारणेआधी जीवनसत्त्वं देऊन आशादायक निकाल दाखवले, पण पुरावा पक्का नव्हता. मग ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रा. निकोलस वाल्ड यांच्या नेतृत्वाखाली सात देशांतल्या ३३ केंद्रांत चाचणी केली. आधी असं बाळ झालेल्या सुमारे अठराशे स्त्रिया त्यात होत्या. गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने पुन्हा असं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. निकाल इतका स्पष्ट होता की १९९१ साली चाचणी मध्येच थांबवावी लागली. उरलेल्या स्त्रियांना गोळीपासून वंचित ठेवणं अनैतिक ठरलं असतं. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या अभ्यासाने दाखवलं की आधी असं बाळ न झालेल्या स्त्रियांनाही फायदा होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आपली चाचणी ब्रिटनच्या निकालामुळे लवकर थांबली. गोळी घेणाऱ्यांत २.९२ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७.०४ टक्के दोष पुन्हा आढळले. आकडा लहान असल्याने तो निर्णायक ठरला नाही, पण दिशा तीच होती.

म्हणजे ‘पुन्हा असंच होईल का?’ या प्रश्नाला आज उत्तर आहे. शक्यता असते, पण ती फार मोठ्या प्रमाणात कमी करता येते.

गोळी आहे, पण उशिरा

आपल्या सरकारी धोरणात हे सगळं लिहिलेलं आहे. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या नियमांनुसार गर्भधारणेआधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. पण बाई आशाताईकडे नाव नोंदवते तेव्हा दोन-तीन महिने झालेले असतात. तोवर अठ्ठावीस दिवस केव्हाच उलटलेले असतात. पिशवीतली गोळी तेव्हाही चांगलीच असते, तिने रक्त वाढतं. पण पाठ मिटण्यासाठी ती उशिरा पोचते. त्यात पुष्कळ गर्भधारणा ठरवून होत नाहीत. नवविवाहितेच्या घरात पहिल्या महिन्यापासून ही गोळी ठेवावी, असं कुणी सांगत नाही.

म्हणून अमेरिकेने १९९८ पासून धान्यपिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं, शंभर ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम. दोष घटले. ब्रिटननेही अखेर २०२४ मध्ये तसा नियम केला.

आपण काय केलं? रेशनवरचा तांदूळ पोषणयुक्त केला. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण थोडा हिशेब मांडू. नियमानुसार एक किलो पोषणयुक्त तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. सगळं धान्य तांदूळच आहे असं धरलं तरी पोटात जातं रोज १३ ते २१ मायक्रोग्रॅम. हवे होते ४००. तांदळाचं हे प्रमाण रक्तक्षय डोळ्यांसमोर ठेवून ठरवलं आहे, मज्जारज्जूच्या दोषांसाठी ते पुरेसं नाही. ज्वारी-गहू खाणाऱ्या घरात तर तेही पोचत नाही.

मीठ हा दुसरा मार्ग. आयोडिनयुक्त मीठ आपल्या घराघरात पोचलं आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातल्या एका अभ्यासात ८३ स्त्रियांनी चार महिने आयोडिन आणि फॉलिक ॲसिड दोन्ही असलेलं मीठ वापरलं. त्यांच्या रक्तातलं फोलेट साडेतीन पटींहून जास्त वाढलं. २०२३ च्या जागतिक आरोग्य परिषदेनेही स्पायना बिफिडा टाळण्यासाठी अन्नात पोषक घटक मिसळण्यावर भर देणारा ठराव केला आहे.

एक सावधगिरी मात्र महाराष्ट्राने आवर्जून पाळायला हवी. आपल्याकडे शाकाहारी आणि गरीब घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता फार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा चमू कित्येक वर्षं आई-बाळाच्या पोषणावर काम करतो आहे. डॉ. कौमुदी गोडबोले यांच्या पुढाकाराने याच गटासह २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतीय बाळांमधल्या या दोषांत ब-१२ चाही वाटा असू शकतो असं सुचवलं. म्हणून फॉलिक ॲसिड वाढवायचं तर ब-१२ सोबतच वाढवावं लागेल. हे शास्त्र पुण्यातच तयार आहे. धोरण करणाऱ्यांना लांब शोधायला नको.

बाळ घरी गेल्यावर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली पालघरला झाला. बाळाच्या जन्मदोषांच्या यादीत पहिलं नाव याच दोषाचं आहे. कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळेत मुलं तपासतात आणि जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत न्यूरोसर्जरीचा समावेश आहे. मुंबईत डॉ. संतोष करमरकर यांनी पुढाकार घेऊन स्पायना बिफिडा फाउंडेशनमार्फत पालकांना एकत्र आणलं.

तरीही शस्त्रक्रियेनंतर मोठी पोकळी राहते. या मुलांना न्यूरोसर्जन, मूत्ररोगतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असे सगळे एकाच छताखाली लागतात. आई मात्र एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे फिरत राहते. उंची वाढू लागली की कण्याला चिकटलेला मज्जारज्जू ताणला जातो. मूल नव्याने अडखळू लागलं तर तेही दाखवावं लागतं. शाळेत स्वच्छ, कडी लागणारं शौचालय नसेल तर हुशार मुलगीही सहावीतून घरी बसते, कारण तिला दिवसातून तीनदा नळी घालायची असते. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा शाळांना सोयी करायला सांगतो. ही सोय म्हणजे फक्त दारातला उतार नव्हे. कडी लागणारं दार आणि आत पाणी, हेही त्यात येतं.

वाचकहो

बालन्यूरोसर्जरीने साठ-सत्तर वर्षांत जे साधलं त्यामागे हॉल्टरसारखा बाप, विल्ससारखी संशोधक आणि वॉर्फसारखा शल्यचिकित्सक होता. प्रत्येकाने समोरच्या एका बाळाचा किंवा एका बाईचा प्रश्न स्वतःचा मानला. आपल्या घरापुरता तो प्रश्न आपला मानणं आपल्यालाही शक्य आहे.

घरात लग्न झालेली मुलगी किंवा सून असेल आणि तिला मूल हवं असेल तर तिला आजपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करायला सांगा, दिवस जाण्याची वाट पाहू नका. आधी असं बाळ झालं असेल, ती मिरगीची औषधं घेत असेल किंवा तिला मधुमेह असेल तर तिचा डोस वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी टाळू नका. बाळाची टाळू फुगली असेल किंवा डोकं झपाट्याने वाढत असेल तर ‘अंगचंच असेल’ म्हणून थांबू नका. आणि तुमचा आमदार, खासदार, ग्रामपंचायत सदस्य भेटला तर त्याला एकच गोष्ट विचारा : आमच्या पिठात आणि मिठात फॉलिक ॲसिड आणि ब-१२ पुरेशा प्रमाणात कधी मिसळणार? शास्त्राने आपलं उत्तर १९९१ सालीच दिलं आहे. आता ते शासनाने द्यायचं आहे.